खेळ-कट्टा : पोरांच्या टीमचा कोच, वशिला आणि बी टीमची भानगड

मागच्या अंकात सहज दोन ओळी लिहिल्या होत्या, की स्पेनला २०२४ चा युरो, म्हणजे युरोपातल्या देशांचा फुटबॉल कप, जिंकून देणारा कोच लुईस दे ला फुएन्ते हा माणूस जवळजवळ आयुष्यभर पोरांच्या नाहीतर राखीव टीमच सांभाळत आला आणि आपल्याकडे असा कोच असता तर त्याला कुणी चहासुद्धा विचारला नसता. त्यावर एवढे प्रश्न आलेत की क्रिकेटचे सगळे प्रश्न पुढच्या अंकावर ढकललेत, क्रिकेटवाल्यांनी रागावू नये, तुमचा नंबर येईल.

प्रश्न : सर, ज्या माणसाने एकही मोठा क्लब सांभाळला नाही त्याला डायरेक्ट देशाची टीम? हा वशिला नाही तर काय? (एक वाचक, परळ)

वशिला म्हणायचा तर म्हणा, पण तो साडेनऊ वर्षं राबून कमावलेला आहे.

आधी माणूस कोण ते बघू. जन्म १९६१ चा, गाव हारो, ला रिओखा भागातलं, वाइनसाठी प्रसिद्ध. खेळायचा लेफ्ट बॅक आणि तोही अ‍ॅथलेटिक बिल्बाओच्या त्या टीममध्ये जिने १९८३ आणि १९८४ ला लागोपाठ लीग मारली, १९८४ ला तर कपसुद्धा. मग सेव्हिया, परत बिल्बाओ, शेवटी अलावेस. म्हणजे प्लेयर म्हणून चांगला वजनदार. कोच झाल्यावर मात्र सगळं खालच्या मजल्यावर. बिल्बाओजवळचा पोर्तुगालेते नावाचा छोटा क्लब, मग व्हिटोरियाचा ऑरेरा, मग सेव्हियाची पोरं, मग बिल्बाओची पोरं आणि तिथली बी टीम, तीही दोन वेगवेगळ्या वेळी. २०११ ला एकदाची अलावेसची मेन टीम मिळाली, ती तेव्हा तिसऱ्या पातळीवर खेळत होती, आणि तिथे अकरा मॅचमध्ये हातात नारळ. पन्नाशीत आलेला माणूस, नाव असलेल्या क्लबच्या मेन टीमचा अनुभव काय तर अकरा मॅच आणि हकालपट्टी. आपल्याकडे अशा माणसाला लोक सांगतात की आता बस झालं, दुकान टाक.

२०१३ ला स्पॅनिश फेडरेशनने त्याला घेतलं, अंडर-१९ साठी. आणि इथून खरी गंमत चालू होते.

फेडरेशनच्या पोरांच्या कोचचं काम क्लबच्या कोचसारखं नसतं. पोरं रोज त्याच्याकडे नसतात, ती आपापल्या क्लबात. हा माद्रिदजवळच्या लास रोझासच्या सेंटरमध्ये वर्षातून काही वेळा त्यांना थोडे थोडे दिवस बोलवणार, बाकी वेळ गावोगाव मॅच बघत फिरणार, क्लबच्या कोचशी फोनवर बोलणार, कोण वाढतंय कोण थांबलंय याची वही ठेवणार. मुख्य म्हणजे यात टीम नसते, बॅच असते. २०१५ चा अंडर-१९ युरो ग्रीसमध्ये झाला, त्यात चालणारी पोरं १ जानेवारी १९९६ नंतर जन्मलेली. २०१९ चा अंडर-२१ युरो इटलीत झाला (सॅन मरिनोतही काही मॅच झाल्या), त्याची कटऑफ कुठली? तीच, १ जानेवारी १९९६. म्हणजे तेवढ्याच वयाची पोरं, चार वर्षं मोठी झालेली, आणि दोन्ही वेळा कोच हाच. २०१५ ला फायनलमध्ये रशियाला २-० हरवलं, २०१९ ला उदिनेमध्ये जर्मनीला २-१. रोड्री, मेरिनो, गोलकीपर उनाई सिमोन हे पहिल्या टीममधले. मेरिनो आणि सिमोन दुसऱ्यातही, शिवाय तिथे फाबियान रुईझ, दानी ओल्मो, ओयार्झाबाल. फायनलचे दोन गोल फाबियान आणि ओल्मोचे. मग २०२१ ला टोकियो ऑलिम्पिक, ब्राझीलकडून एक्स्ट्रा टाइममध्ये २-१ ने हरून सिल्व्हर, स्पेनचा एकुलता गोल ओयार्झाबालचा. त्या टीममध्ये कुकुरेया होता, झुबिमेंडी होता, पेद्री होता.

आता १४ जुलै २०२४, बर्लिन, समोर इंग्लंड. हाफटाइमला रोड्री जखमी होऊन बाहेर, आत कोण आला तर झुबिमेंडी. ज्याच्यावर अख्खी टीम फिरते तो माणूस गेला आणि बेंचवर घबराट नाही, कारण आत जाणाऱ्याला कोच टोकियोपासून ओळखतो. स्ट्रायकर मोराताला काढून ओयार्झाबाल. ८६ व्या मिनिटाला डावीकडून कुकुरेयाचा क्रॉस, ओयार्झाबालचा गोल, २-१. शेवटी इंग्लंडचा हेडर लाइनवरून कुणी काढला? ओल्मोने. क्वार्टरफायनलला जर्मनीविरुद्ध ११९ व्या मिनिटाला हेडर मारणारा मेरिनो. सातच्या सात मॅच जिंकल्या राव! अंडर-१९, अंडर-२१ आणि सीनियर, तिन्हीकडे युरो जिंकलेला हा पहिला कोच.

लामिन यामाल आणि निको विल्यम्स त्याच्या त्या जुन्या बॅचमधले नव्हेत, हे आधीच सांगतो नाहीतर पुढच्या वेळी तुम्हीच पत्र टाकाल. पण यामालसारख्या सोळा वर्षांच्या पोराला, सप्टेंबर २०२३ मध्ये, जॉर्जियाविरुद्ध सीनियर टीममध्ये उतरवायला डेअरिंग लागते आणि ती त्याच्यात आली ती आयुष्यभर सोळा-सतरा वर्षांची पोरंच बघितल्यामुळे, असं माझं मत. सोळाव्या वर्षी कोण तयार असतं आणि कोण नुसतं फास्ट असतं हे त्याला दिसतं.

बाकी सगळं गोडगोड नव्हतं. डिसेंबर २०२२ मध्ये, मोरोक्कोकडून वर्ल्ड कपमध्ये हरल्यावर आधीचा कोच लुईस एन्रिके गेला आणि याला आणलं, तेव्हा स्पेनमध्ये तुमच्यासारखंच लोक म्हणत होते, हा कोण? मार्च २०२३ ला स्कॉटलंडने २-० हरवलं तेव्हा तर पेपरवाल्यांनी जवळजवळ निरोप समारंभच उरकला होता. जूनमध्ये क्रोएशियाला पेनल्टीवर हरवून नेशन्स लीग मिळाली म्हणून वाचला.

आणि परळकर, वशिल्याचा मुद्दा असेल तर आपलाच राहुल द्रविड बघा की. अंडर-१९ आणि इंडिया ए पासून सुरुवात, २०१६ ला अंडर-१९ वर्ल्ड कपची फायनल हरला, २०१८ ला जिंकला, मग बेंगळुरूची अकॅडमी, मग सीनियर टीम, आणि २९ जून २०२४ ला टी-ट्वेंटी वर्ल्ड कप. फायनलच्या टीममध्ये ऋषभ पंत २०१६ च्या बॅचचा, अर्शदीप २०१८ च्या. बार्बाडोस आणि बर्लिनमध्ये पंधरा दिवसांचा फरक. तेव्हा कुणी वशिला म्हटलं नाही, कारण द्रविड आपल्याला माहीत होता.

प्रश्न : तुम्ही त्याचं एवढं कौतुक करताय, पण हाच तो ना ज्याने रुबियालेससाठी टाळ्या वाजवल्या? (एक वाचक, विलेपार्ले)

हो, तोच. ऑगस्ट २०२३, महिला वर्ल्ड कपनंतर फेडरेशनचा अध्यक्ष रुबियालेस, स्पेनची प्लेयर हेर्मोसोला जबरदस्तीने किस केलेला, राजीनामा देणार नाही म्हणून सभेत गर्जत होता आणि हा पहिल्या रांगांत बसून टाळ्या वाजवत होता. नंतर पत्रकार परिषद घेऊन माफी मागितली. माफी मागितली हे खरं आणि टाळ्या वाजवल्या हेही खरं. एकाच संस्थेत दहा वर्षं पगार घेतलेल्या माणसाची मान साहेबापुढे आपोआप हलते, तिथे कुणीतरी हात आखडता घ्यायला पाहिजे होता, त्याने नाही घेतला. फुटबॉलचं कौतुक वेगळं, हे वेगळं, दोन्ही एकाच खात्यावर लिहायची गरज नाही.

प्रश्न : दादा, रियल माद्रिदची बी टीम कास्तिया लीगमध्ये खेळते म्हणजे नक्की कुठे खेळते? आणि पहिली आली तर रियल माद्रिदच्याच विरुद्ध खेळणार का? आमच्या ग्रुपमध्ये यावरून राडा झालाय. (कॉलेजचा एक ग्रुप, डोंबिवली)

राडा मिटवतो. इंग्लंडमध्ये राखीव पोरांची वेगळी लीग असते, आपापसात खेळतात. स्पेनमध्ये तसं नाही, तिथे बी टीम सरळ मोठ्यांच्या लीगच्या उतरंडीत असते. वर प्रिमेरा, मग सेगुंदा, मग २०२१ पासून प्रिमेरा फेडरेसियोन, त्याखाली सेगुंदा आणि तेर्सेरा फेडरेसियोन. बी टीमची एकोणीस वर्षांची पोरं रविवारी कुठल्यातरी गावच्या क्लबशी खेळतात, समोर चौतीस वर्षांचा डिफेंडर, ज्याचं घर त्या पगारावर चालतं, तो काय पोराला लाडाने खेळवणार? कोपर मारणारच. पोरं त्यातच शिकतात. माझ्या मते स्पेनमध्ये जे प्लेयर तयार होतात त्यात या कोपराचा वाटा अकॅडमीच्या झकपक व्हिडिओंपेक्षा जास्त आहे.

पण नियम असा की बी टीम आपल्या मेन टीमच्या डिव्हिजनमध्ये कधीच येऊ शकत नाही. १९८४ ला कास्तियाने सेगुंदा डिव्हिजन चक्क जिंकली, बुत्रागेन्योची ती फेमस बॅच, कोच अमान्सियो. वर जायचा प्रश्नच नव्हता, वर रियल माद्रिद बसलेली. उलटंही होतं. २०१२ ला व्हियारियलची मेन टीम प्रिमेरातून खाली सेगुंदात आली, तिथे त्यांची बी टीम आधीच होती, तर बी टीमला तिसऱ्या पातळीवर ढकललं, काही चूक नसताना. मोठा भाऊ नापास होऊन धाकट्याच्या वर्गात आला म्हणून धाकट्याला एक इयत्ता खाली, असा हिशोब.

कपमध्ये मात्र पूर्वी बी टीमला एंट्री होती आणि त्याचा किस्सा भन्नाट आहे. १९८० ला कास्तिया चार पहिल्या डिव्हिजनवाल्यांना उडवत कोपा देल रे, म्हणजे स्पेनच्या कपच्या, फायनलला पोचली, समोर रियल माद्रिद, ग्राउंड पण रियलचंच बर्नाबेउ. ६-१ ने हरली, पण लीग आधीच रियलकडे होती त्यामुळे कप विनर्स कपचं (देशोदेशीच्या कपवाल्यांची युरोपातली स्पर्धा) तिकीट मिळालं कास्तियाला, म्हणजे बी टीम युरोपात, वेस्ट हॅमविरुद्ध! पहिली मॅच ३-१ जिंकली, मग लंडनला जाऊन ५-१ हरली. १९९० नंतर बी टीमना कप बंद झाला. मला विचाराल तर वाईट झालं.

आणि एक, पोरं वर खेळायला जाऊ शकतात. स्पेनमध्ये मेन टीमचे नंबर १ ते २५, त्यापुढचा नंबर पाठीवर दिसला की समजायचं हा बी टीमच्या किंवा ज्युनियरच्या रजिस्ट्रेशनवरचा. यामाल बार्सात २०२३-२४ ला २७ नंबर घालून खेळायचा तो यामुळेच.

आता यात बी टीमच्या कोचचं काय होतं बघा. बुधवारी त्याचा सगळ्यात चांगला स्ट्रायकर वरच्यांनी ट्रेनिंगला नेला, शनिवारी बेंचवर बसवायला पण नेला, खेळवला नाही, आणि याची मॅच रविवारी. हरला तर टेबलमध्ये नाव याचं. जिंकला, पहिला आला, तरी वर जाणं नाही. आणि पोरगा खरंच चांगला निघाला तर तो कायमचा गेला. म्हणजे स्वतःचं काम जेवढं नीट करशील तेवढी तुझी टीम कमजोर होणार, असली नोकरी.

प्रश्न : गार्डिओला आणि झाबी अलोन्सो पण बी टीमपासूनच आले ना? मग दे ला फुएन्तेला एवढी वर्षं का लागली? (एक वाचक, घाटकोपर)

कारण ते दोघं गार्डिओला आणि झाबी अलोन्सो होते. नाव आधीच मोठं होतं, दार ठोठवावं लागलं नाही.

तरी त्यांना सोपं गेलं असं म्हणणार नाही. २००७ ला गार्डिओलाने बार्सा बी घेतली तेव्हा ती टीम चौथ्या पातळीवर घसरलेली, साध्या साध्या गावातल्या ग्राउंडवर खेळायचं. सोबत असिस्टंट टिटो व्हिलानोव्हा. एका सीझनमध्ये वर आणली आणि २००८ च्या उन्हाळ्यात सरळ मेन टीम. जाताना पेद्रो आणि बुस्केट्स बरोबर नेले, त्यांना त्याने त्याच ग्राउंडवर बघितलं होतं. वर्षभरात तीन मोठ्या ट्रॉफ्या. म्हणून सगळ्या क्लबना वाटायला लागलं की आपल्याकडचा माजी स्टार बी टीमला बसवा, पुढचा गार्डिओला तयार. तसं होत नाही. आधी सांगितलेला अमान्सियो, ज्याने कास्तियाला सेगुंदा जिंकून दिली, त्याला लगेच मेन टीम दिली आणि सीझन संपायच्या आत काढला.

अलोन्सोची गोष्ट मला जास्त आवडते. वर्ल्ड कप, चॅम्पियन्स लीग सगळं जिंकून झाल्यावर त्याने पहिली टीम घेतली ती रियल माद्रिदच्या चौदाखालच्या पोरांची. मग २०१९ पासून तीन वर्षं रियल सोसिएदादची बी टीम, सान्से म्हणतात तिला. २०२१ ला ती सेगुंदात चढली, साठच्या दशकानंतर पहिल्यांदा, आणि पुढच्याच वर्षी परत उतरली. म्हणजे रेलिगेशन त्याच्या खात्यावर आहे! झुबिमेंडी त्याच्या हाताखालून गेलेला. मग ऑक्टोबर २०२२ ला जर्मनीची लेव्हरकुसेन, टेबलमध्ये खालून दुसरी टीम, आणि २०२३-२४ ला अख्खी बुंडेसलिगा, म्हणजे जर्मन लीग, एकही मॅच न हरता.

स्पेनचाच आधीचा एक कोच, लोपेतेगी, त्याचं नाव कुणी घेतलं नाही पण घेतो. २०१२ चा अंडर-१९ युरो, २०१३ चा अंडर-२१ युरो, मग सीनियर टीम, आणि २०१८ वर्ल्ड कपच्या पहिल्या मॅचच्या दोन दिवस आधी घरी पाठवला, कारण रियल माद्रिदशी परस्पर करार जाहीर झाला. देल बॉस्के पण रियलच्या पोरांमध्ये वर्षानुवर्षं होता, त्याला वर यायला उशीर लागला, आल्यावर दोन चॅम्पियन्स लीग आणि २०१० चा वर्ल्ड कप. सगळ्यांचा रस्ता एक नाही.

प्रश्न : २०१७ ला नेरुळच्या डी. वाय. पाटीलला अंडर-१७ वर्ल्ड कपची सेमीफायनल मी बाबांबरोबर बघितली होती, स्पेन आणि माली. तेव्हा स्पेनचा कोच दे ला फुएन्ते होता का? आणि त्या पोरांचं पुढे काय झालं? (एक वाचिका, सीवूड्स)

नाही, तो सांती देनिया. पण प्रश्न एक नंबर, कारण हाही त्याच जातकुळीतला माणूस.

२५ ऑक्टोबर २०१७, स्पेन ३, माली १. आबेल रुईझचे दोन गोल, फेरान तोरेसचा एक. मालीच्या दुकुरेने लांबून मारलेला बॉल बारला लागून लाइनच्या आत पडला होता, रेफरीने दिला नाही, स्टेडियममध्ये तेव्हा जो गोंधळ झाला तो तुम्हाला आठवत असेल. तीन दिवसांनी कोलकात्याला फायनल, स्पेन २-० ने पुढे, दोन्ही गोल सर्जिओ गोमेझचे, आणि मग इंग्लंडने पाच मारले. वाट लावली अक्षरशः. इंग्लंडकडून फोडेन आणि गेही दोघांनीही गोल केले. सात वर्षांनी बर्लिनच्या युरो फायनलला हेच दोघं इंग्लंडकडून होते आणि हरले, आणि फेरान तोरेस जिंकणाऱ्या टीमच्या बेंचवर होता.

देनिया स्वतः अ‍ॅटलेटिको माद्रिदचा डिफेंडर, १९९६ ला लीग आणि कप जिंकलेल्या टीमचा. कोच म्हणून २०१७ चा अंडर-१७ युरो, २०१९ चा अंडर-१९ युरो, त्या फायनलचे दोन्ही गोल फेरानचे. २०२३ ला अंडर-२१ ची फायनल पुन्हा इंग्लंडविरुद्ध, १-० ने मागे, शेवटच्या क्षणी पेनल्टी मिळाली, मारायला आबेल रुईझ आणि कीपरने अडवली. डी. वाय. पाटीलवर तुम्ही टाळ्या वाजवलेला तोच आबेल रुईझ.

आता पॅरिस ऑलिम्पिक, २०२४. अंडर-२३ टीममध्ये वयाने मोठे फक्त तीन खेळाडू चालतात. कुठलाही कोच काय करेल, तीन मोठी नावं मागेल. देनियाने कुणाला घेतलं? आबेल रुईझ, सर्जिओ गोमेझ आणि हुआन मिरांदा, तिघंही भारतातल्या त्या टीममधले. फायनलमध्ये फ्रान्सला फ्रान्समध्येच ५-३ हरवून गोल्ड. आबेल रुईझने वर्षभरापूर्वी पेनल्टी घालवली होती आणि तरी कोचने त्याला परत बोलवलं, हे मला त्या गोल्डपेक्षा मोठं वाटतं.

पण सगळ्यांचं असं झालं नाही हेही सांगायला पाहिजे, नाहीतर लोकांना वाटतं अंडर-१७ खेळलं की लॉटरी लागली. २०१५ च्या अंडर-१९ फायनलमध्ये दुसरा गोल मारणारा नाहुएल स्पेनच्या सीनियर टीममध्ये कधी दिसला नाही. येसुस व्हायेखो २०१५ आणि २०१९ दोन्ही चॅम्पियन टीमचा कॅप्टन, सीनियर टीममध्ये त्याची जागा काही झाली नाही. एका बॅचमधून तीन-चार वर टिकली तरी तो कोच भारी समजायचा.

प्रश्न : मुंबई सिटीचा लोबेरा पण असाच का? (एक वाचक, अंधेरी)

बऱ्यापैकी. सर्जिओ लोबेरा सारागोसाचा, बार्साच्या पोरांच्या टीममध्ये कोच म्हणून वाढला, बार्सा सी सांभाळली, २०१२ ला बार्सातच टिटो व्हिलानोव्हाच्या स्टाफमध्ये होता. मग लास पाल्मास, मोरोक्को, एफसी गोवा आणि २०२०-२१ ला आपली मुंबई सिटी. त्या एका सीझनमध्ये लीग शील्ड (टेबलमध्ये पहिलं आल्याची) आणि ट्रॉफी (फायनल जिंकल्याची) दोन्ही, आयएसएलमध्ये, म्हणजे इंडियन सुपर लीगमध्ये, तोवर कुणी एकाच सीझनला केलं नव्हतं. फायनलला बिपिन सिंगचा नव्वदाव्या मिनिटाचा गोल. वाईट एवढंच की कोरोनामुळे सगळं गोव्यात, रिकाम्या स्टेडियममध्ये, अंधेरीकरांनी टीव्हीवर बघितलं. मानोलो मार्केझ, जो हैदराबादला चॅम्पियन करून पुढे वर्षभर भारताचा कोच होता, तोही एस्पान्योल आणि लास पाल्मासच्या बी टीम सांभाळलेला. आपण स्पेनचे कोच आणले, त्यांनी तिकडे पोरांबरोबर घालवलेली वर्षं मात्र आपल्याला इथे कुणाला द्यायची नाहीयेत.

प्रश्न : नमस्कार. माझा मुलगा अंडर-१३ खेळतो. त्यांचे नवीन सर सगळ्या मुलांना सारखा वेळ खेळवतात, माझ्या मुलाला स्ट्रायकरवरून कधी राइट बॅक करतात, टीम टूर्नामेंटमध्ये पहिल्याच राउंडला बाहेर. बाकी पालक अकॅडमी बदलायचं म्हणतायत. काय करू? (एक आई, माहीम)

ताई, तुमच्या पत्रावरून तरी सर मला बरे वाटतायत.

बारा-तेरा वर्षांत मुंबईत जिंकायचा सोपा फॉर्म्युला सगळ्यांना माहितीये, जो पोरगा आधी उंच झालाय त्याला पुढे ठेवायचा आणि बॉल लांब मारायचा, पावसात चिखल असेल तर अजूनच सोपं. कप मिळतो, फोटो येतो, अकॅडमीची फी वाढते. दोन वर्षांनी बाकीची पोरं पण उंच होतात आणि त्या हिरोला कळतं की आपल्याला बॉल थांबवता येत नाहीये. स्पेनमध्ये बहुतेक ठिकाणी साधारण बारापर्यंत पोरं सात-सातच खेळतात, छोट्या ग्राउंडवर, म्हणजे प्रत्येकाला बॉल जास्त वेळा लागतो आणि लांब मारून भागत नाही. आपल्याकडे दहा वर्षांच्या पोरांना अकरा-अकरा खेळवून मोठ्यांच्या गोलमध्ये छोटा कीपर उभा करतात, त्याच्या डोक्यावरून बॉल गेला की बाहेरून बापलोक ओरडणार.

राइट बॅकचं टेन्शन घेऊ नका, मागून खेळताना अख्खं ग्राउंड समोर दिसतं, स्ट्रायकरला ते फायद्याचंच आहे. पण सरांना जाऊन विचारा जरूर, त्याला तिथे का ठेवलंय? त्यांच्याकडे उत्तर असेल, म्हणजे हा गोलकडे पाठ करून बॉल घेतो, याला समोर बघून घ्यायला शिकवतोय, असं काहीतरी, तर हलू नका. "बघू, जमेल" एवढंच म्हणाले तर मग सारखा वेळ खेळवणं हा विचार नाही, आळस आहे, आणि तेव्हा बाकीचे पालक बरोबर. मुलगा प्रॅक्टिसला स्वतःहून उठून जातो की तुम्ही उठवता, हेही बघा.

प्रश्न : दादा, वय २७, मुंबईच्या लीगमध्ये खेळायचो, गुडघा गेला. कोचिंगचं डी-लायसन्स करतोय. एका शाळेने अंडर-१४ टीम देतो म्हटलंय, आणि आमच्या जुन्या क्लबात सीनियर टीमला असिस्टंट म्हणून पण बोलवतायत, पैसे दोन्हीकडे सारखेच कमी. कुठे जाऊ? (एक वाचक, नायगाव)

मित्रा, शाळेत जा.

सीनियर टीमला असिस्टंट म्हणजे काय ते तुलाही माहितीये, कोन मांडायचे, बिब गोळा करायचे, ऑफिस सुटून साडेसातला येणाऱ्या प्लेयरांची हजेरी घ्यायची आणि मेन कोच सांगेल त्याला मान डोलवायची. शाळेत टीम तुझी. चूक तुझी, बरोबर तुझं. आणि चौदाखालची पोरं ढोंग सहन करत नाहीत, तुला ड्रिल समजलं नसेल तर दोन मिनिटांत त्यांना कळतं आणि ती एकमेकांना ढकलायला लागतात. विफाचे (वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन) कोर्स होत असतात, डी झाल्यावर सी, मग बी, ए, शेवटी प्रो. आयएसएलमध्ये हेड कोच व्हायचं तर प्रो लागतं, तो लांबचा प्रवास आहे आणि पैसे पण लागतात, तेव्हा आत्ता नोकरी असेल तर सोडू नकोस.

शाळेशी बोलताना एक अट घाल, आणि ही लेखी मागितलीस तरी चालेल. एका वर्षासाठी टीम घेऊ नकोस. अंडर-१४ ची हीच पोरं अंडर-१६ ला जातील तेव्हा तूच त्यांच्याबरोबर वर जाणार, असं ठरव. आपल्याकडे दरवर्षी पोरं वर सरकतात आणि कोच तिथेच, त्यामुळे कुणालाच माहीत नसतं की हा पोरगा गेल्या पावसाळ्यात कसा होता. वही ठेव, मोबाइल नको, वहीच, प्रत्येक पोराचं एक पान. आझाद मैदानावर आंतरशालेय मॅचला पहिल्या वर्षी सहा-सात गोल खाल्लेस तर प्रिन्सिपल बोलावतील, तेव्हा ती वही घेऊन जा आणि कोणत्या पोराला जूनमध्ये काय येत नव्हतं आणि आता काय येतं ते दाखव. समजूतदार असतील तर थांबतील. नसतील तर नारळ मिळेल, दे ला फुएन्तेला अकरा मॅचमध्ये मिळाला होता, तुला निदान एक सीझन तरी मिळेल.

गुडघ्याचं फिजिओ मात्र अर्धवट सोडू नकोस, पोरांबरोबर पळावं लागतं.